वाणीचे ध्वनी

शाळेत नुकतेच पाऊल टाकलेले मूल थोड्याच दिवसांत ‘क, ख, ग, घ, ङ’ ही ओळ तालावर म्हणू लागते. मागोमाग ‘च’ची, ‘ट’ची, ‘त’ची आणि अखेरीस ‘प’ची ओळ येते. ही अक्षरे याच क्रमाने का मांडली, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. पुष्कळांना तो मोठेपणीही पडत नाही. रोमन लिपीतील ए, बी, सी यांच्या क्रमात उच्चाराच्या दृष्टीने कसलीही संगती नाही. नागरी वर्णमालेचे मात्र तसे नाही. वाचकाने क, च, ट, त, प ही पाच अक्षरे सावकाश उच्चारून पाहावीत. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जाऊन मऊ टाळूला टेकतो. ‘च’ म्हणताना मधला भाग कठीण टाळूपाशी जातो. ‘ट’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते. ‘त’ म्हणताना ते दातांना लागते. आणि ‘प’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंतचा हा एक प्रवास आहे. वर्णमाला म्हणजे मानवी मुखाचा एक नकाशाच होय.

मनुष्य बोलतो तेव्हा नेमके काय घडते, एक ध्वनी दुसऱ्यापासून वेगळा कशामुळे होतो आणि ऐकणाऱ्याला तो वेगळा का वाटतो, या प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्राला स्वनविज्ञान असे म्हणतात. या शास्त्राच्या अभ्यासासाठी लागणारे पहिले उपकरण प्रत्येकाजवळ आहे. ते म्हणजे स्वतःचे मुख. दुसरे उपकरण आहे कान; आणि या दुसऱ्या उपकरणाचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही, हे पुढे दिसून येईल.

श्वासाचा ध्वनी होतो

बोलणे ही मुळात श्वास बाहेर टाकण्याची क्रिया आहे. फुप्फुसांतून निघालेली हवा श्वासनलिकेतून वर येते आणि गळ्यातील स्वरयंत्रात शिरते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला असता जो कठीण भाग वर-खाली होतो, तेच स्वरयंत्र. त्याच्या आत स्वरतंतू नावाच्या दोन लवचिक पट्ट्या समोरासमोर असतात. त्या एकमेकींपासून दूर असल्या, तर हवा निमूटपणे वर निघून जाते. त्या जवळ आल्या, तर खालून येणाऱ्या हवेच्या दाबाने त्या क्षणोक्षणी उघडतात आणि मिटतात. या कंपनातून जो आवाज निर्माण होतो, त्याला आपल्या व्याकरणपरंपरेत ‘नाद’ किंवा ‘घोष’ असे नाव आहे. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात हे कंपन सेकंदाला सुमारे 120 वेळा, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 वेळा, आणि लहान मुलाच्या बोलण्यात त्याहूनही अधिक वेळा होते. म्हणूनच मुलांचा आवाज बारीक वाटतो.

याचा पडताळा पाहणे सोपे आहे. गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘स्’ हा ध्वनी लांबवावा. बोटांना काहीही जाणवणार नाही. नंतर ‘म्’ किंवा ‘आ’ हा ध्वनी लांबवावा. बोटांखाली स्पष्ट थरथर जाणवेल. पहिला ध्वनी अघोष, दुसरे दोन सघोष. आता ‘म्’ लांबवीत असतानाच नाक चिमटीत घट्ट धरावे. ध्वनी तत्काळ बंद पडेल. कारण ‘म्’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि हवेला नाकावाटेच वाट असते. मऊ टाळूचे मागचे टोक, ज्याला पडजीभ लोंबते, ते खाली उतरले की नाकाची वाट मोकळी होते आणि अनुनासिक ध्वनी निघतात. ते वर उचलले गेले की ही वाट बंद होते व हवा केवळ मुखातून जाते.

मुखात हवेला कोठे आणि कसा अडथळा होतो, यावर पुढची सारी विविधता अवलंबून आहे. वाट क्षणभर पूर्णपणे बंद करून एकदम उघडली, तर ‘प’, ‘त’, ‘क’ यांसारखे स्पर्श किंवा स्फोटक निघतात. वाट अगदी चिंचोळी ठेवली, तर हवा घासत बाहेर पडते आणि ‘स’, ‘श’ यांसारखे घर्षक निघतात. जिभेच्या बाजूने हवा सोडली, तर ‘ल’ आणि ‘ळ’ निघतात. आणि हवेला कसलाच अडथळा केला नाही, केवळ जिभेचा उंचवटा व ओठांचा आकार बदलून मुखाच्या पोकळीचे रूप पालटले, तर स्वर निघतात. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे व वर असते, ‘ऊ’ म्हणताना मागे व वर असते आणि ओठ गोल होतात, ‘आ’ म्हणताना ती खाली असते. स्वरतंतूंचा आवाज तोच. त्याला घुमविणारी पोकळी मात्र निराळी.

तान, थान, दान, धान

वर्णमालेची एक ओळ घेऊन तिच्यातील अक्षरे एकमेकांहून वेगळी कशी होतात, ते पाहू. तान, थान, दान, धान या चार शब्दांत फक्त पहिला ध्वनी बदलतो आणि अर्थ पार पालटतो. चारही ध्वनींत जिभेचे टोक दातांनाच टेकते. म्हणजे स्थान एकच आहे. तोंडासमोर तळहात धरून ‘तान’ आणि ‘थान’ म्हटले, तर दुसऱ्या शब्दाच्या वेळी हवेचा झोत हाताला लागतो. हा झोत म्हणजेच महाप्राणत्व. ‘तान’ आणि ‘दान’ यांत झोताचा भेद नाही. भेद आहे तो घोषाचा. ‘धान’ या शब्दात घोष आणि महाप्राणत्व दोन्ही एकत्र येतात. अशा रीतीने केवळ दोन गुणांच्या असण्यानसण्याने एका स्थानावर चार ध्वनी उभे राहतात. नाकाची वाट उघडली की पाचवा, ‘न’, मिळतो. पाच स्थाने आणि प्रत्येकाचे पाच ध्वनी मिळून पंचवीस व्यंजनांचा चौक पूर्ण होतो.

ही व्यवस्था कोण्या एका कल्पक शिक्षकाने अलीकडे बसविलेली नाही. वेदपाठात अक्षराचाही फरक पडू नये, या कळकळीतून प्राचीन भारतीयांनी उच्चाराचे बारकाईने निरीक्षण केले. प्रातिशाख्य नावाच्या ग्रंथांत स्थान, करण, घोष, श्वास या संज्ञा शास्त्रीय काटेकोरपणाने वापरलेल्या आढळतात. कंठ मिटलेला असता नाद होतो आणि उघडा असता श्वास होतो, असा स्पष्ट विचार तैत्तिरीय प्रातिशाख्यात केलेला आहे. हाताशी कसलेही यंत्र नसताना, केवळ स्वतःच्या उच्चाराकडे लक्ष देऊन, हा निष्कर्ष काढण्यात आला होता. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य 1862 मध्ये आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य 1871 मध्ये इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य देशांत स्वनविज्ञान त्याच काळात आकार घेत होते. जिवंत माणसाच्या गळ्यातील स्वरतंतू आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहण्याचा प्रयोग मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने 1854 मध्ये स्वतःवरच केला होता.

विसाव्या शतकात ध्वनीचे चित्र कागदावर उमटविणारी यंत्रे आली आणि जुन्या वर्गीकरणाची कसोटी घेणे शक्य झाले. 1964 मध्ये ले लिस्कर व आर्थर अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी अकरा भाषांतील स्फोटकांची मोजणी प्रसिद्ध केली. त्या भाषांत हिंदी, तमिळ यांच्याबरोबर मराठीही होती. मुखातील अडथळा सुटतो तो क्षण आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होते तो क्षण, या दोहोंतील अंतर त्यांनी मोजले. ‘द’सारख्या ध्वनीत कंपन अडथळा सुटण्याच्या आधीच सुरू झालेले असते, ‘त’मध्ये ते अडथळा सुटताच सुरू होते, ‘थ’मध्ये ते काहीसे उशिरा सुरू होते आणि मधल्या अवधीत हवेचा झोत निघून जातो. हे अंतर सेकंदाच्या एका दशांशाच्या आसपासचे किंवा त्याहूनही कमी असते. एवढ्याशा अवकाशाने कान ‘तान’ आणि ‘थान’ हे वेगळे ओळखतो. ‘द’ आणि ‘ध’ यांचा भेद मात्र या एका मापाने सांगता येईना. कारण दोहोंत कंपन आधीच चालू असते. ‘ध’मध्ये घोषाबरोबर श्वासही मिसळतो. प्राचीनांनी घोष आणि प्राण हे दोन स्वतंत्र गुण मानले होते, त्यातील औचित्य येथे दिसून येते.

अक्षर म्हणजे ध्वनी नव्हे

वर्णमालेची एवढी थोरवी सांगितल्यावर तिच्या मर्यादेकडेही पाहिले पाहिजे. अक्षर ही डोळ्यांसाठी केलेली खूण आहे. ध्वनी ही कानाची वस्तू आहे. भाषा बदलत जाते आणि लेखन पुष्कळदा मागे राहते. मराठीत ‘माझा’ आणि ‘माझी’ या दोन शब्दांत ‘झ’ हे अक्षर एकच आहे. परंतु पहिल्यात जीभ दातांच्या मागे राहते, तर दुसऱ्यात ती टाळूकडे जाते. ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ हे लेखनात सारखे आहेत, उच्चारात नाहीत. ‘श’ आणि ‘ष’ ही दोन अक्षरे शिकविली जातात. बहुतेकांच्या बोलण्यात मात्र त्यांचा एकच ध्वनी उरला आहे.

इतर भारतीय भाषांतही हाच अनुभव येतो. बंगालीत श, ष, स अशी तीन अक्षरे लिहिली जातात; बहुधा तिन्हींचा उच्चार ‘श’सारखा होतो. पंजाबीतील उदाहरण तर फार मनोरंजक आहे. गुरुमुखी लिपीत ‘घोडा’ हा शब्द ‘घ’ने लिहितात. बोलताना मात्र त्या ‘घ’चा घोषही जातो आणि महाप्राणत्वही जाते, ‘क’सारखा ध्वनी निघतो आणि त्याबरोबर आवाजाचा सूर खाली उतरतो. चाबूक या अर्थाचा ‘कोडा’ हा शब्द सम सुरात म्हटला जातो. सूर उतरला की घोडा, सम राहिला की चाबूक. व्यंजनाचे काम तेथे सुराने पत्करले आहे.

ध्वनी आणि अक्षर यांतील हे अंतर दूर करण्याच्या हेतूने युरोपातील भाषाशिक्षकांनी 1886 मध्ये पॅरिस येथे एक संस्था स्थापन केली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय स्वनविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आली. अर्थभेद करणाऱ्या प्रत्येक ध्वनीला एकच चिन्ह, या तत्त्वावर तिने 1888 मध्ये आपली वर्णमाला जाहीर केली. सुधारणा होत होत ती आजही वापरात आहे. तिच्या साहाय्याने कोणत्याही भाषेचा उच्चार लिहून ठेवता येतो.

कोणता भेद भेद मानावा?

येथे एक अडचण उभी राहते. कोणतीही व्यक्ती एकच ध्वनी दोनदा तंतोतंत सारखा उच्चारीत नाही. ‘की’ आणि ‘कू’ म्हणताना ‘क’चे स्थानही किंचित बदलते, ‘कू’ म्हणण्याआधीच ओठ गोल झालेले असतात. मग हे दोन ‘क’ निराळे मानावेत काय? शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, ज्या भेदाने अर्थ बदलतो, तोच त्या भाषेच्या दृष्टीने भेद. अर्थभेद करणाऱ्या अशा ध्वनिघटकाला ‘स्वनिम’ म्हणतात. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ हे शब्द वेगळे आहेत; म्हणून ‘ल’ आणि ‘ळ’ हे मराठीचे दोन स्वनिम आहेत. ‘की’तील व ‘कू’तील ‘क’ अदलाबदल केले तरी नवा शब्द होत नाही. म्हणून ते एकाच स्वनिमाचे दोन आविष्कार आहेत.

हा निर्णय प्रत्येक भाषा आपल्यापुरता करते. तमिळमध्ये हात या अर्थाचा शब्द ‘कै’ आहे आणि सोने या अर्थाचा ‘तंगम्’. मराठी कानाला पहिल्यात ‘क’ आणि दुसऱ्यात ‘ग’ ऐकू येतो. तमिळ लिपीत दोहोंसाठी एकच अक्षर आहे. ही त्या लिपीची उणीव नव्हे. अस्सल तमिळ शब्दांत हा ध्वनी आरंभी अघोष आणि अनुनासिकानंतर सघोष होतो, असा नियमच आहे. म्हणून वेगळ्या खुणेची गरज पडत नाही. उलट, इंग्रजी बोलणारा मनुष्य ‘पिन’मधील ‘प’ झोतासह उच्चारतो आणि ‘स्पिन’मधील झोताशिवाय; परंतु हा भेद त्याच्या ध्यानातही येत नाही. भारतीय विद्यार्थ्याला जो फरक पहिल्या इयत्तेत समजतो, तो त्याला समजावून सांगावा लागतो. आणि हाच प्रकार उलट दिशेनेही होतो. इंग्रजीतील टी आणि डी या अक्षरांचे ध्वनी दातांच्या वरच्या हिरडीपाशी, म्हणजे ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधे, उच्चारले जातात. आपल्याकडे त्या जागेला स्वतंत्र घर नाही. म्हणून आपण ‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’ असे ऐकतो व तसेच म्हणतो.

कानाची चाळण

याचा अर्थ असा की, प्रत्येक मनुष्य आपल्या भाषेच्या चाळणीतून जग ऐकतो. ही चाळण जन्मतः असते की पुढे तयार होते? याचे उत्तर 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडातील इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकविले. एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकवीत असता मधेच तो बदलायचा. बदल ओळखून मुलाने मान वळविली, तर त्याला हलणारे खेळणे दिसायचे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी हा भेद ओळखला. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना जो सहसा साधत नाही, तो त्यांना सहज साधला. परंतु दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांत मात्र ही शक्ती त्या वयातही टिकून होती.

मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच त्याच्या कानाने आपल्या भाषेची निवड केलेली असते. आधी ऐकणे, मग बोलणे, हा निसर्गाचा क्रम आहे. मोठेपणी प्रयत्नाने नवे भेद शिकता येतात. पण जे बालपणी विनासायास मिळते, त्यासाठी मग श्रम करावे लागतात.

या ज्ञानाचे मोल

स्वनविज्ञान हे केवळ पंडितांच्या कुतूहलाचे शास्त्र नाही. वर्गात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला कित्येकदा हसण्यावारी नेले जाते. वास्तविक महाराष्ट्रातील काही बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’च उच्चारला जातो. त्या मुलाची जीभ जड नसते, की बुद्धी मंद नसते. त्याच्या घरच्या भाषेची व्यवस्था वेगळी असते. तोच ‘पानी’ हा उच्चार हिंदीत शिष्ट मानला जातो. शिक्षकाने ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद आधी कानाला ओळखावयास शिकविला, जिभेचे टोक कोठे वळवावे ते दाखविले, तर मूल प्रमाण उच्चार शिकते आणि आपल्या बोलीची लाजही बाळगीत नाही.

लिपी नसलेल्या किंवा परक्या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना तर या ज्ञानाचा फार आधार आहे. झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा आदी राज्यांत बोलली जाणारी संताळी ही मुंडा कुलातील भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक 73 लाखांहून अधिक होते. तिच्यात शब्दाच्या अखेरीस काही ध्वनी असे येतात, की मुखातील वाट बंद होताना कंठही मिटतो आणि श्वास जागीच अडतो. बंगाली, नागरी वा ओडिया लिपीत या ध्वनींना स्वतःची अक्षरे नाहीत. मयूरभंजचे पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये ‘ओल चिकी’ ही तीस अक्षरांची लिपी तयार केली आणि त्या ध्वनींना त्यांची हक्काची चिन्हे दिली. 2003 मध्ये संताळीचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. आपल्या भाषेचे ध्वनी कागदावर जसेच्या तसे उतरलेले पाहणे, हा एखाद्या समाजाला केवढा आत्मविश्वास देऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

सर्वांत निकडीचा प्रश्न आहे तो ऐकू न येणाऱ्या बालकांचा. हजारी एक ते तीन मुले जन्मतःच श्रवणदोष घेऊन येतात. असे मूल हसते, रडते, पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच हुंकारही देते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. दोन-तीन वर्षे झाली तरी मूल बोलत नाही, तेव्हा ‘काही मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून धीर दिला जातो. दरम्यान कानाची चाळण तयार होण्याचा काळ निघून गेलेला असतो. आज नवजात बालकाच्या कानात मंद आवाज सोडून, आतील कानातून येणारा सूक्ष्म प्रतिसाद मोजता येतो. डेव्हिड केंप यांनी 1978 मध्ये दाखवून दिलेल्या या प्रतिसादावर आधारलेली तपासणी काही मिनिटांत, मूल झोपेत असतानाही, होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, असे वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रियेने बसविलेले उपकरण यांच्या साहाय्याने अशी अनेक मुले बोलू लागतात. ज्यांना ध्वनीचा मार्ग उपयोगी पडत नाही, त्यांच्यासाठी हातांची खूणभाषा आहे. तिलाही स्वतःचे व्याकरण आहे आणि ती कोणत्याही अर्थाने अपुरी भाषा नाही. कोणत्याही मार्गाने का होईना, मुलाला भाषा वेळेवर मिळाली पाहिजे. म्हैसूर येथे 1965 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, तसेच मुंबई येथे 1983 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय श्रवणदोष संस्था यांनी या कार्यासाठी तज्ज्ञांच्या पिढ्या घडविल्या आहेत.

वर्णमालेची ओळ म्हणणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच फार मोठा अभ्यास करून आलेले असते. ‘त’ आणि ‘थ’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद त्याने आईच्या मांडीवर, अंगणात, शेजारपाजारी ऐकून आत्मसात केलेले असतात. शाळा त्यांना केवळ खुणा देते. म्हणून मुलाच्या हाती पाटी देण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कानाची काळजी घेतली पाहिजे. आवाज झाला असता ते दचकते काय, हाक मारली असता मान वळविते काय, याकडे घरातील प्रत्येकाने लक्ष द्यावे, आणि शंका येताच विलंब न लावता तपासणी करून घ्यावी.